इंजिन ठणठणीत, रबर थकलं

गाडी टिकेल का, असं कुणी विचारलं की सगळे इंजिनाबद्दलच बोलतात. माझ्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीचं इंजिन आजही ठणठणीत आहे. ऑइल वेळेवर बदललं की ते बिचारं काही मागत नाही. त्रास देतं ते रबर. स्पीडब्रेकर अगदी सावकाश ओलांडतानाही पुढून टकटक यायला लागली. शॉकअप गेले, असं एकाने छातीठोकपणे सांगितलं. दुसऱ्या मेकॅनिकने गाडी वर घेऊन स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) लिंक हाताने हलवून दाखवली. तिचं रबरी आवरण (बूट) फाटलेलं, आतला बॉल जॉइंट खुळखुळ्यासारखा वाजत होता. शेजारच्या लोअर आर्मच्या (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशला, म्हणजे सांध्यातल्या रबराला, चांगली चीर. शॉकअप मात्र कोरडे, गळालेल्या तेलाचा थेंब नाही. लिंक आणि बुश बदलले, आवाज बंद.

टायरचंही तसंच. नक्षी भरपूर शिल्लक, पण कडेला बारीक तडे. टायरवर DOT (डॉट) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: 2318 म्हणजे 2018 सालच्या 23व्या आठवड्यात तयार झालेला टायर. सेकंडहँड गाडी बघायला गेलात तर किलोमीटरच्या आधी हे वाचा. (मीटर मागे फिरवणारे महाभाग असतातच.)

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे गाडी नुसती उभी असली तरी साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं. टचस्क्रीन मधूनच हँग होते. तिच्यावर उपाय एकच, गाडी बंद करून पुन्हा चालू करणे.