गोळी कधी बंद होणार?

लग्नकार्यात, शाळेच्या स्टाफरूममध्ये, हळदीकुंकवाला, कुठेही गेले तरी हा प्रश्न ठरलेला असतो: "थायरॉईडची गोळी अजून चालूच आहे? कधी बंद होणार?" विचारणारे मायेने विचारतात हे मला कळते, तरीही त्या प्रश्नात मी पथ्य पाळले नाही किंवा डॉक्टरांनी फसवले, असा एक संशय दडलेला असतो. तुम्हीही परवा तेच विचारलेत, म्हणून या वेळी विषय न बदलता लिहिते.

माझी गोळी बंद होणार नाही. माझा आजार हाशिमोटोचा आहे. जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेल्या या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीवरच उलटते आणि तिला हळूहळू निकामी करते. ग्रंथी थायरॉक्सिन नावाचे जे संप्रेरक तयार करत असे, तेच मी गोळीतून घेते. मग सवय लागण्याचा प्रश्न येतो कुठे? इंग्लंडमध्ये १८९१ साली डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईड ग्रंथीचा अर्क देऊन, हीच ग्रंथी मंदावलेल्या एका स्त्रीवर उपचार सुरू केले. ते चालू राहिले आणि ती त्यानंतर २८ वर्षे जगली.

निदान होण्यापूर्वीचा काळ तुम्ही पाहिलेला आहे. भर मे महिन्यात मी शाल घेऊन बसत असे, आवाज घोगरा झाला होता, शिकवताना ओळखीचा शब्द ओठांवर येत नसे. घरात त्याला आळस म्हणत, एका दवाखान्यात त्याला वय म्हणाले आणि रक्तवाढीच्या गोळ्या देऊन पाठवले. मग ज्या फिजिशियनकडे गेलो, त्यांनी फारसे काही न विचारता मला खुर्चीवर पाठमोरे गुडघे टेकून बसायला सांगितले, पावले कडेबाहेर मोकळी ठेवायला लावली आणि टाचेच्या वरच्या जाड शिरेवर रबरी हातोडीने हलकेच ठोका दिला. पाऊल उडाले, मात्र परत येताना रेंगाळत आले. मला मागचे नीट दिसत नव्हते, म्हणून त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या माझ्या यजमानांना त्याच खुर्चीवर बसवले आणि तसाच ठोका दिला. त्यांचे पाऊल उडाले आणि क्षणात जागेवर आले. नंतर पुन्हा माझी पाळी आली; या वेळी मी मान वळवून पाहिले. स्नायू आखडला तो सावकाश सैल होत होता आणि तो लवकर सैल करणे माझ्या हातात नव्हते. "या हट्ट करत नाहीत, यांचे सगळेच असे संथ चालले आहे," एवढेच डॉक्टर यजमानांना म्हणाले. ज्यांनी मला कित्येकदा "जरा मनावर घे" असे सुनावले होते, ते परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. दोन दिवसांनी रक्ताचा अहवाल आला. ग्रंथी मंदावली की तिला कामाला लावण्यासाठी रक्तात टीएसएच हे संप्रेरक वाढते; त्याची वरची मर्यादा चार-पाचच्या आसपास असते, माझा आकडा ऐंशीच्या पुढे होता. पण माझ्यापुरता निवाडा त्या खुर्चीवरच झाला होता.

"चार दिवस सोडून बघ, काही होत नाही," असे सांगणाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. थायरॉक्सिन रक्तातून निम्मे व्हायलाच सुमारे आठवडा लागतो, त्यामुळे चार दिवसांत काहीच जाणवत नाही. जे बिघडते ते पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत, आणि तेव्हा कारण कोणाच्याच लक्षात राहत नाही. डोस बदलल्यावर तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात, तीही याचसाठी. सकाळी तुम्ही चहा पुढे करता आणि मी थांबते, तो शिष्टपणा नव्हे. गोळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घेऊन अर्धा-पाऊण तास जावा लागतो, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीत तर चार तासांचे अंतर लागते. वजन उतरावे म्हणून डोस वाढवून घेण्याचा सल्लाही मी मानणार नाही, कारण जादा थायरॉक्सिनने हृदयाचे ठोके बिघडतात आणि हाडे झिजतात.

काहींची गोळी सुटते, हे मात्र मी नाकारत नाही. बाळंतपणानंतर ग्रंथीला सूज येऊन बिघडलेले काम पुष्कळदा पूर्वपदावर येते, आणि टीएसएच किंचित वाढलेल्या काहींना तर गोळीची गरजच नसते. तुमच्या मावसबहिणीची सुटली असेल, तर ती त्यांच्यापैकी असेल. आपलेही तसेच व्हावे असे मला फार वाटत असे.

आणखी एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. शाल घेऊन बसणारी ती पूर्वीची मी अधूनमधून मला विचारते, "आता अहवाल नॉर्मल येतो, मग अजूनही दुपारी तुझे अंग का मोडते? आता कोणाला दोष देशील?" मी तिला म्हणते की आता मी पन्नाशीत आहे, वर्ग मोठे आहेत, झोप कमी पडते. तिला ते पटत नाही. वजनाबाबतही तिचा हाच आक्षेप आहे. या आजाराने वाढलेले वजन बरेचसे पाण्याचे आणि मिठाचे असते, ते उतरले, बाकीचे राहिले, आणि त्या राहिलेल्याचा जाब थायरॉईडला विचारता येत नाही. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासायला सांगितले आहे. त्यात काही निघाले तर मला बरेच वाटेल, आणि असे वाटावे हे योग्य की अयोग्य, ते मला अजून ठरवता आलेले नाही.