कोल्हापूरची भटकंती आणि डोक्यात ययातीची सिरीज

मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी कोल्हापुरात उतरले. रात्री गाडीत गेम ऑफ थ्रोन्स या राजे आणि ड्रॅगनवाल्या इंग्रजी सिरीजचा शेवटचा सीझन परत बघितला होता त्यामुळे डोक्यात तेच चालू होतं. मामाचा मुलगा स्टेशनवर घ्यायला आलेला, दादानेपण ही सिरीज पूर्ण बघितलीय, मग काय, घरी जायच्या आधीच मिसळीवर आमचं सुरू झालं. "सहाच एपिसोड केले शेवटी, घाई केली आणि वाट लावली, दुसरं काय नाही बघ त्यात," दादा म्हणाला आणि अजून कट मागवला, इकडे मिसळीबरोबर ब्रेडच्या जाड स्लाइस देतात आणि त्या कटात बुडवून खायला जी मजा आहे ती मुंबईच्या पावाला नाही. घाई झाली हे खरंच आहे, पहिल्या सीझनला १० एपिसोड होते. पण मला वाटतं रोग त्याच्याआधीच लागलेला.

दुपारी आम्ही खरी कॉर्नरला गेलो. तिथे कॅमेऱ्याचं स्मारक आहे, बाबूराव पेंटरांच्या आठवणीचं. चौकाचौकात पुतळे सगळ्याच गावांत असतात, पण सिनेमाच्या कॅमेऱ्याचं स्मारक उभारणारं गाव म्हणजे कोल्हापूरच! मी गाडीवरून उतरून बराच वेळ बघत उभी राहिले, मागून रिक्षावाले हॉर्न देतायत, दादा "अगं बाजूला हो" म्हणतोय. बाबूराव म्हणजे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारा माणूस, त्याने स्वतःच्या हाताने कॅमेरा बनवला, गायिका तानीबाई कागलकरांनी पैसे दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली सैरंध्री, म्हणजे महाभारतातला कीचकवध. आणि १९२३ साली सिंहगड, तो थेट हरिभाऊ आपट्यांच्या गड आला पण सिंह गेला या कादंबरीवरून. मूकपट! जाड कादंबरी, पानंच्या पानं संवाद, आणि पडद्यावर एक शब्द बोलायची सोय नाही. आपण आज 'पुस्तकासारखं नाही केलं' म्हणून भांडतो, तो प्रश्न या गावात शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेलाय.

मग तिथून निघताना दादाला मायामच्छिंद्रबद्दल सांगितलं, त्याला माहीतच नव्हता. प्रभात फिल्म कंपनी पुण्याला गेली १९३३ ला, त्याच्याआधी इथे कोल्हापुरातच १९३२ मध्ये शांतारामबापूंनी केलेला सिनेमा. स्त्रीराज्य, चमत्कार, राणी झालेल्या दुर्गा खोटे आणि त्यांच्याजवळ चक्क चित्ता. आजच्या भाषेत शुद्ध फॅन्टसी. पण त्यात मला सगळ्यात आवडतं ते हे की गुरू मच्छिंद्रनाथ खरंच मायेत अडकलाय का, हे शिष्य गोरखनाथाला कळत नाही तोवर आपल्यालापण कळत नाही, आपण त्याच्याच डोळ्यांनी बघत असतो आणि त्याच्याइतकेच घाबरलेले असतो. म्हणूनच तर ते चमत्कार अंगावर येतात.

इथेच माझा मुद्दा आहे. गेम ऑफ थ्रोन्स ज्या पुस्तकांवर आहे त्यात प्रत्येक प्रकरण एकाच माणसाच्या डोळ्यांतून येतं, वरती शीर्षक म्हणून बहुतेक वेळा त्याचं नाव. थिऑन नावाच्या सरदारपुत्राचे हाल करून करून त्याला स्वतःचं नावच विसरायला लावतात, तर पाचव्या पुस्तकात त्याच्या सुरुवातीच्या प्रकरणांवर थिऑन लिहिलेलंच नाही, रीक लिहिलंय, छळणाऱ्याने ठेवलेलं नाव! वाचताना पोटात गोळा येतो. सिरीजमध्ये हे आतलं गेलं, पण सुरुवातीला लिहिणाऱ्यांच्या हाताशी पुस्तकं होती म्हणून माणसं जे करायची ते का करतात ते कळायचं. पाचवं पुस्तक आलं २०११ ला, त्यानंतरचं आलंच नाही, आणि पुस्तकांच्या पुढे गेल्यावर फक्त घटना उरल्या. सिंहासनावर हक्क सांगणारी राणी डेनेरिस ड्रॅगनवर बसलीय, शरणागतीच्या घंटा वाजतायत, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर, आणि मग ती शहर जाळते. आत काय झालं? पुस्तकात ती प्रकरणच्या प्रकरण आपल्याशी बोलते, इथे अभिनेत्रीने एकटीने चेहऱ्यावर किती ओढायचं. ती शहर जाळते याला माझी ना नाही, मला तिच्या डोक्यात बसून ते बघायचं होतं.

दादा म्हणाला, "पुस्तकात चालतंय ते, टीव्हीवर मनातलं कोण बघणार?"

दुसऱ्या दिवशी शिवाजी विद्यापीठात गेलो, तिथे वि. स. खांडेकरांचं स्मृती संग्रहालय आहे. विद्यापीठाचा परिसर मोठा आणि मोकळा, मोर दिसतात म्हणे, आम्हाला नाही दिसले. संग्रहालयात मात्र मी दादाला चांगलं अर्धा-पाऊण तास अडकवून ठेवलं. खांडेकर सिनेमावाल्यांना ओळखत नव्हते असं नाही, १९३६ चा छाया त्यांनीच लिहिला, मास्टर विनायकांसाठी, इथल्याच हंस पिक्चर्सचा. आणि त्याच माणसाने नंतर १९५९ मध्ये ययाति लिहिली तेव्हा ती ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्याच तोंडून सांगितली, आळीपाळीने. तोच नवरा, तोच राजवाडा, पण देवयानी बोलायला लागली की वाटतं हिचंच बरोबर, मग शर्मिष्ठा येते आणि सगळं उलटंपालटं. शिवाजी सावंत, ते आपल्या आजऱ्याचे, त्यांनी मृत्युंजयमध्ये कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि शेवटी कृष्णालासुद्धा बोलायला लावलं, १९६७ साली! शाप, वरदान, कवचकुंडलं, सगळी फॅन्टसी आहे आणि प्रत्येकाचं मनपण आहे. हे लोक आपल्याच भागातले आणि आपण वाट बघतोय अमेरिकेतल्या पुढच्या सीझनची.

काय गाळलं यावर मी कधी भांडत नाही. लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या सिनेमांतून पुस्तकातलं टॉम बॉम्बाडिल हे पात्र अख्खं काढलं तरी फ्रोडोच्या गळ्यातल्या अंगठीचं ओझं आपल्याला जाणवतं, बास झालं. उलट त्याच जगावरची रिंग्ज ऑफ पॉवर ही सिरीज बघताना एवढा खर्च, एवढे डोंगर, आणि मी कुणाच्याच आत जाऊ शकले नाही.

संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खाताना दादालाच विचारलं, ययातीची सिरीज केली तर पहिला एपिसोड कुणाचा? त्याने पटकन सांगितलं, ययातीचा. मी म्हटलं नाही, देवयानीचा. तिचं ज्याच्यावर प्रेम होतं तो कच निघून गेलाय, तिचं मन मोडलंय, राजाशी लग्न करायला ती का निघाली हे आधी तिच्याच तोंडून ऐकायचं, ययातीला तिसऱ्या एपिसोडपर्यंत फक्त लांबून दाखवायचा. आणि तो मुलाचं, पुरूचं तारुण्य मागतो तो सीन अख्खा शर्मिष्ठेकडून, कारण आई तीच आहे. दादा भेळ खायची थांबवून म्हणाला, "आणि पुरू? त्याला कोण विचारणार? त्याचा एक एपिसोड पायजेच की." खांडेकरांनी पुरूला निवेदक केलेलं नाही, पण हे ऐकून मला इतकं पटलं की आता ती सिरीज कुणी केलीच तर पुरूचा एपिसोड मला हवाच आहे.