पिंड, कावळा आणि आगरकर

सातारा, पितृपंधरवडा. मंगळवार.

टेंभू म्हटलं की हल्ली उपसा सिंचन योजना आठवते. कराडजवळच्या त्याच गावात 14 जुलै 1856 रोजी समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर जन्मले. ते निरीश्वरवादी की अज्ञेयवादी, यावर अभ्यासक अजून हुज्जत घालतात. तो वाद मला फारसा कामाचा वाटत नाही. देवावाचून नीती टिकते का, हा प्रश्न जास्त अवघड, आणि आगरकर वाचताना नेमका तोच हातून निसटतो.

कारण त्यांच्या लिखाणात दोन वेगवेगळे युक्तिवाद आहेत आणि वादाला उभी राहणारी मंडळी नेहमी पहिलाच उचलतात. ‘देवतोत्पत्ति’ निबंधातला हा युक्तिवाद इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरच्या वळणाने जातो. मेलेला बाप स्वप्नात येऊन बोलतो. मूर्च्छा येते आणि जाते. सावली पाठ सोडत नाही. यावरून आदिमानवाने ताडलं की देहात आणखी कुणीतरी राहतो, आणि देह जळला तरी तो मागे उरतो. उरला म्हणजे त्याला भूक लागणार, राग येणार. म्हणून आधी त्याच्यापुढे घास, पुढे नवस, आणि सरतेशेवटी देऊळ.

वाचायला झकास, पण वादात लंगडा. एखादी समजूत कशी जन्मली यावरून ती खरी की खोटी हे ठरत नाही. किमयेच्या नादातून रसायनशास्त्र निघालं, म्हणून रसायनशास्त्र काही खोटं पडलं नाही. समोर तयारीचा कीर्तनकार असला तर तो शांतपणे म्हणेल, ‘देवाने स्वप्नातूनच ओळख करून दिली, तुमचं काय बिघडलं?’ झालं, संपला वाद. शिवाय मृतांची भीती हेच सगळ्या धर्मांचं एकमेव मूळ, असं आज मानववंशशास्त्रातही कुणी ठामपणे म्हणत नाही.

दुसरा युक्तिवाद उपयुक्ततावादी तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलच्या बाजूचा, आणि तो मजबूत आहे. चाल चांगली की वाईट हे तिच्याने कुणाला सुख होतं, कुणाला यातना होतात यावरून ठरवायचं. 1891 साली संमतिवयाची, म्हणजे मुलीशी शरीरसंबंध ठेवायला लागणाऱ्या तिच्या किमान वयाची, मर्यादा 10 वरून 12 करणारा कायदा आला तेव्हा भांडारकरांसारखे विद्वान शास्त्रवचनांतून आधार दाखवत होते. आगरकरांना ती वाटच पसंत नव्हती. आज वचन तुमच्या बाजूचं, उद्या समोरचा विरुद्ध वचन काढणार, आणि ती पोर तिथेच राहणार. दहा वर्षांच्या मुलीचे हाल दिसायला श्लोक कशाला हवा?

गुरुवार.

‘देव नाही तर नीती नाही’ हे वाक्य आपल्याकडे इतकं सहज कसं रुळलं याचं नवल वाटतं. इथल्या जुन्या दर्शनांना ते मान्य नव्हतं. जैन आणि बौद्ध सृष्टिकर्ता मानत नाहीत. पूर्वमीमांसा, म्हणजे वेदातल्या यज्ञकर्माचा अर्थ लावणारं दर्शन, तर वेदाला प्रमाण मानूनही जगाचा कर्ता नाकारते. कर्म आणि फळ यांची सांधेजोड ती ‘अपूर्व’ नावाच्या अदृष्ट शक्तीवर सोपवते. याच दर्शनाच्या कुमारिल भट्टाने कर्त्याविरुद्ध केलेला वाद कुठल्याही नास्तिकाने मुळातून वाचावा असा आहे. आपल्या वाईत प्राज्ञपाठशाळेने सात खंडांचा मीमांसाकोश काढला, म्हणजे हे सगळं हाकेच्या अंतरावर आहे. वाचायचं कुणी, एवढाच प्रश्न.

रविवार.

आता संगम माहुली. दहाव्याचा पिंड मांडलेला, शेजारी पाण्याचा तांब्या, माणसं चार पावलं मागे सरलेली. कावळा झाडावर बसून आहे, खाली येत नाही. मग कुणीतरी पुढे होऊन हात जोडतं: ‘धाकटीचं लग्न आम्ही लावून देऊ, काळजी करू नका.’ थोड्या वेळाने दुसरा: ‘सोसायटीचं कर्ज फेडतो.’ तरीही शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि विधी पुरा होतो.

यातला नीतीचा भाग कुठला? कावळा नव्हे. चारचौघांत मोठ्याने दिलेला शब्द. आगरकरांचा प्रेतसंस्कारांवरचा निबंध आहे, ‘शहाण्यांचा मूर्खपणा’ या मथळ्याचा. (याच माणसाची पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, गेले ते 1895 साली, वयाच्या 38 व्या वर्षी.) त्यांचा निकष लावला तर कावळा गळतो आणि शब्द उरतो. पण विवेकवादी घरांत चूक होते ती इथेच. विधी बंद करतात, रक्षा शेतात घालून झाड लावतात, आणि शब्द द्यायची जागाच उरत नाही. रक्षेचंही नीट करायला हवं: राख अल्कधर्मी असते, रोपाच्या मुळाशी थेट ओतली तर रोप जळतं. भरपूर माती आणि शेणखतात कालवून पसरावी.

शब्दासाठी असं करता येतं. दहाव्या दिवशी घरचे आणि भावकीतले चार जण बसवावेत. देणी, शिक्षणं, लग्नं, म्हातारीचं औषधपाणी, एकेक बाब वाचावी आणि कोण काय करणार ते नावानिशी वहीत लिहून सह्या घ्याव्यात. सहा महिन्यांनी तीच वही पुन्हा उघडायची, हे तेव्हाच ठरवावं, नाहीतर ती माळ्यावर जाते.

आणि भीतीने नीती राखली जाते म्हणणाऱ्यांनी तलाठ्याकडे डोकावावं. ज्या भावाने कावळ्यापुढे तासभर हात जोडले, तोच पंधरा दिवसांत बहिणीपुढे हक्कसोडाचा कागद सरकवतो. पितर वरून बघतायत हे तेव्हा आड येत नाही. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे. वारस नोंदीच्या अर्जात तिचं नाव यायलाच हवं, आणि त्या अर्जावर सही केली म्हणजे हक्क सुटला असं होत नाही. त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र वेगळं लागतं. दोन्ही कागद एकाच गठ्ठ्यात पुढे आले तर तिने एकही सही न करता गठ्ठा घरी न्यावा.