माडीवर बाथरूम, एवढंच काढायचं होतं

आमचं घर बडोद्याला, सूरसागरच्या काठाला. माडीच्या खिडकीत बसलं की तळ्यातला १११ फुटी महादेव समोर. शिवरात्रीला शिवजींची सवारी येते तेव्हा काठावर पाय ठेवायला जागा नसते आणि निम्मं गणगोत आमच्या त्या एका खिडकीत.

खिडकी सासूबाईंची. संडास मात्र खाली परसात. मधे सतरा पायऱ्यांचा उभा लाकडी जिना, धरायला दोर. एका रात्री त्या चौथ्या पायरीवर बसूनच राहिल्या. तेव्हा ठरलं, वर बाथरूम काढायचं.

पहिला कंत्राटदार म्हणाला, माडीच्या लाकडी कडीपाटावर चार इंच काँक्रीट ओतू, वर टाइल्स, आठ दिवसांत मोकळे. आम्ही हो म्हणणारच होतो. दिरांच्या ओळखीचा एक इंजिनिअर सहज डोकावून गेला. त्याने स्क्रूड्रायव्हर काढून तुळईच्या भिंतीतल्या टोकाला लावला, तर तो मुठीपर्यंत आत! बाहेरून सागवान कसं तुळतुळीत. मग त्याने पाटीवरच हिशोब मांडला: पाच बाय सात फुटांवर चार इंच काँक्रीट म्हणजे नुसतं आठशे किलो. टाइल्स, भिंती, भरलेली बादली, माणूस वेगळे. शिवाय रोजचं पाणी लाकडात मुरणार ते वेगळंच.

त्याने सांगितलेला तोडगा असा: परसात चार नवे खांब उभे करायचे, त्यावर बाथरूम, आणि माडीच्या मागच्या खिडकीचं दार करून तिथून जायचं. जुन्या भिंतीला कुठेही टेकायचं नाही, मधे दोन इंच फट. नवा पाया थोडा बसणारच, जुना कधीच बसून झालाय. दोघांना बांधून टाकलं तर भेग जुन्या भिंतीला.

बांधकामापेक्षा रजाचिठ्ठीला, म्हणजे बांधकामाच्या परवानगीला, जास्त दिवस लागले. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजेसासऱ्यांचं नाव. आधी वारसाई, त्यासाठी सगळ्या वारसांच्या सह्या. पुण्याच्या नणंदेने सही दिली, पण आधी तासभर फोनवर जुने हिशोब ऐकवले. तो तास मी घराच्या खर्चात धरलाय.

पाया खणायला घेतला तर पाच फुटांवरच पाणी. तळं शेजारी, दुसरं काय होणार! दोन दिवस पंप धडधडत होता.

तेवढ्यात कडियाकाकांनी, म्हणजे आमच्या गवंड्यांनी, ओटीची भिंत पाहिली. ती आम्हीच बिघडवलेली. ओल दिसते म्हणून मागे सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. ओल दाबली गेली आणि लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारा खार, कमरेपासून खांद्यापर्यंत चढला. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट तिला आत कोंडतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. काकांनी गिलावा सोलून काढला, आत वीट हाताने भुरभुरत होती. मग टाक्यात चुना भिजत घातला, त्यात गूळ आणि मेथीचं पाणी. ओटीवर लाडवांसारखा वास! रोज मी विचारायची, लावणार कधी? ते म्हणायचे, "बेन, चूनामां उतावळ न चाले."

अखेर दिवाळीच्या आधी बाथरूम झालं. फटीवर बसवायची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी तेवढी यायची होती. पहिल्या सकाळी विचारलं, "आई, कसं वाटलं?"

"बरंय गं. नळ उलटा फिरतो. आणि दाराशी दोन्ही भिंतींच्या मधे माझी बोटं जातायत. एवढा पैसा ओतलात, तेवढी फट सिमेंटने भरून घे की."