साहसकथांतले इंका आणि गवताचा पूल

रत्नागिरीच्या वाचनालयातून पावसाळ्यात आणलेल्या साहसकथांमध्ये दक्षिण अमेरिकेतले इंका लोक एकाच साच्यात भेटत: सोन्याने मढलेले, नरबळीसाठी आतुर आणि गोऱ्या नायकाने ग्रहणाचे भाकीत करताच गुडघे टेकणारे. ग्रहणाची ही क्लृप्ती मुळात इंकांच्या अँडीज पर्वतातली नाहीच. कोलंबसाने ती २९ फेब्रुवारी १५०४ रोजी जमैकात चंद्रग्रहणाच्या वेळी वापरली आणि पुढे लेखकांनी ती सोयीस्करपणे सूर्योपासक इंकांच्या माथी मारली. सूर्याच्या गतीवरून सणांचे दिवस ठरवणाऱ्या समाजाला असे भोळसट दाखवणे मला तरी आळशी लेखन वाटते.

सोन्याच्या हव्यासाची खरी कथा तर उलटी आहे. १५३२ मध्ये काहामार्का येथे कैद झालेल्या इंका सम्राट अताहुआल्पाने सुटकेसाठी खोलीभर सोने देऊ केले, ते जमाही झाले, आणि तरीही स्पॅनिश सेनानी पिझारोच्या माणसांनी १५३३ मध्ये त्याला ठार मारले.

कथांमधले झुलते पूल मात्र, नायक पलीकडे पोचताच हमखास तुटत असले तरी, निव्वळ कल्पना नव्हेत. पेरूमधील आपुरिमाक नदीवरचा केसवाचाका हा पूल आजही इचू नावाच्या गवताचे दोर वळून दरवर्षी नव्याने बांधला जातो आणि चार गावांचे लोक ते काम वाटून घेतात. आमच्याकडे वहाळावरचा लाकडी साकव वाडीने मिळून घालावा, तसेच हे काम. फक्त खाली खोल दरी असते. २०१३ मध्ये युनेस्कोने या परंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.