अंधार नेमका कधी पडतो?

जुना कॉम्प्युटर रुसला की पहिल्या शिव्या मॉनिटर खातो. इंदुरात रामबागेत, राजेंद्रनगरात अशी एखादी पेटी अजून कोपऱ्यात असतेच. मुलं पुण्याला गेली, ती मागे राहिली; पोटात लग्नाचे फोटो, पत्रिकेचं सॉफ्टवेअर आणि मंडळाच्या वर्गणीचा हिशेब. मग ऐन पावसाळ्यात आजोबा म्हणतात, “पंखा फिरून राहिलाय, लाइट लागतोय, पण स्क्रीन काळी.” कोणीतरी तत्काळ सुचवतं, “फॉरमॅट मारून टाका.”

फॉरमॅट हा आपला सर्व रोगांवरचा काढा. पण स्क्रीनवर बायोसचा, म्हणजे विंडोजच्या आधी जागा होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमचा, लोगोही उमटत नसेल, तर विंडोजची पाळीच आलेली नाही. त्याला कशाची शिक्षा? आधी एवढंच बघावं, की अंधार नेमका कधी पडतो.

सुरुवातीपासूनच अंधार असेल तर मॉनिटरची केबल कॉम्प्युटरच्या बाजूने काढावी. स्क्रीनवर ‘नो सिग्नल’ आलं, की मॉनिटर निर्दोष सुटला. काहीच येत नसेल तर खोलीत अंधार करून, केबल परत लावून स्क्रीनवर तिरका टॉर्च मारावा. पुसट चित्र दिसलं तर स्क्रीनमागचा दिवा किंवा त्याला वीज पुरवणारं मॉनिटरमधलं सर्किट (इन्व्हर्टर) गेलंय. केबल कुठे लावली आहे तेही बघावं. वेगळं ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारी पट्टी) असेल तर मदरबोर्डवरचं, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डावरचं, सॉकेट बहुतेकदा बंद असतं, आणि साफसफाईनंतर केबल हमखास तिथेच जाते. व्हीजीएच्या, म्हणजे मॉनिटरच्या जुन्या पद्धतीच्या केबलीच्या, 15 पिनांपैकी नववी नसली तरी घाबरू नये, पुष्कळ केबलींत ती मुळातच नसते. पहिली वाकली तर मात्र लाल रंग गायब.

मग कान लावायचा. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्लेची तक्रार. लांब बीप येतच राहिली तर रॅम. प्लग काढून पॉवरचं बटण 15 सेकंद दाबून धरावं, रॅमची पट्टी आणि कार्ड काढून त्यांच्या सोनेरी कडा पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासाव्यात, चुरा झटकावा, ‘टक्’ होईपर्यंत परत बसवावं. दमट हवेत या कडांवर थर चढतो आणि संपर्क तुटतो. पावसाळ्यातल्या कितीतरी तक्रारी इथेच मिटतात. कार्डाजवळचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले तर खोडरबर थकला समजावं. ते बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त.

खरी गंमत पुढच्या अंधारात आहे. लोगो येतो, विंडोजची पट्टी सरकते आणि डेस्कटॉप यायच्या क्षणी स्क्रीन काळी किंवा ‘आउट ऑफ रेंज’. इथे बहुधा काहीच जळलेलं नसतं. जुना डबा मॉनिटर 85 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 85 वेळा बदलणारं चित्र, सहज झेलायचा. त्याच्या जागी आलेल्या सपाट मॉनिटरला साधारण 60 ते 75च झेपतात, आणि विंडोज मात्र जुनंच माप पाठवत राहतं. चालू करताच एफ 8 दाबत राहावं. विंडोज एक्सपीत ‘एनेबल व्हीजीए मोड’, विंडोज 7मध्ये ‘लो रिझोल्युशन व्हिडिओ’ निवडावा. चित्र येईल, बटबटीत पण येईल. मग 60 हर्ट्झ करून रीस्टार्ट. तरीही अंधार, तर एफ 8च्याच यादीतल्या सेफ मोडमधून डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन डिस्प्लेचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, अनइन्स्टॉल करावा. सेफ मोडमध्ये चित्र ठीक असेल तर दोष बहुधा ड्रायव्हरचाच. बायोसच्या पानावरही रंगीत पट्टे आणि भलतीच अक्षरं दिसत असतील तर मात्र कार्डाची मेमरी चालली.

तरी सिल्व्हर मॉलमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानांची फेरी मारण्याआधी कार्ड काढून केबल मदरबोर्डवरच्या सॉकेटला लावून बघावी, ते असेल तर. पत्रिका आणि वर्गणीला तेवढं पुरतं. नसेलच तर जुनं कार्ड खिशात घालूनच जावं. एजीपी आणि पीसीआय एक्सप्रेस या कार्डांच्या दोन जातींच्या खाचा वेगळ्या असतात, आणि दुकानदार तोंडी वर्णनावर जे देईल ते घरी बसेलच असं नाही.