तुम्ही विचारलंत म्हणून: वावरातला शाळिग्राम

"सर, वावरात भेटला. शाळिग्रामच व्हय ना?" वखरणीच्या दिवसांत हा प्रश्न येतो आणि तुळशीच्या लग्नाआधी तर हमखास येतो. रुमालाची गाठ सुटते, आतून करडा, गारेसारखा कठीण दगड निघतो आणि त्यात वेटोळा शंख दिसतो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांत श्रद्धा असते, म्हणून नुसतं "नाही" म्हणून मला हात झटकता येत नाहीत.

शाळिग्राम येतो नेपाळातल्या काली गंडकीतून. हिमालय उठायच्या आधी तिथे समुद्र होता. त्याच्या तळाच्या काळ्या चिखलात अमोनाइट नावाचे प्राणी गाडले गेले. त्यांचाच दगड झालेला शंख म्हणजे शाळिग्राम. दिसायला शंख, पण हा गोगलगाईचा भाऊबंद नव्हे. याचं नातं ऑक्टोपस आणि म्हाकुळाशी. आज जिवंत असलेला नॉटिलस हुबेहूब तसा दिसतो, तरी अमोनाइटला तो दूरचा आणि बिनशिंपल्याचा ऑक्टोपस जवळचा. वेटोळ्यावर भुलू नका म्हणतो ते यासाठीच.

मग ओळखायचं कशावरून? आतल्या भिंतींवरून. अमोनाइट वाढत जाई तसा पुढे सरके आणि मागची जागा भिंत घालून बंद करी. शेवटच्या खोलीत स्वतः राही, मागच्या खोल्यांच्या आधारे पाण्यात तरंगे. या खोल्यांतून एक बारीक नळी जाते, ती बहुतेक अमोनाइटांत बाहेरच्या कडेला लागून असते, नॉटिलसमध्ये मधोमध. वरचं कवच झिजलं की भिंत जिथे कवचाला चिकटली होती तिथली रेघ उघडी पडते. नॉटिलसची रेघ साधी, वळणदार. अमोनाइटची मात्र कोथिंबिरीच्या पानाच्या कडेसारखी कातरलेली. हे एकदा भिंगातून पाहिलं की माणूस विसरत नाही.

कुळं लावताना ही रेघ आणि अंगावरच्या बरगड्या दोन्ही पाहतात. पेरिस्फिंक्टिडी हे ज्युरासिक समुद्रातलं मोठं कुळ. वेटोळी सैल, आतली वळणं उघडी दिसतात, बरगडी आतल्या कडेला एकटी निघते आणि बाहेर जाता जाता दोन-तीन फाटे फुटतात. त्यातला पेरिस्फिंक्टिस हा गण (जवळच्या जातींचा गट) वागेन या जीवाश्मतज्ज्ञानं 1869 मध्ये मांडला, कुळाचं नाव स्टाइनमननं 1890 मध्ये दिलं. याच वागेननं पुढे कच्छच्या अमोनाइटांवर मोठा ग्रंथ लिहिला; त्यातले बरेच नमुने स्टोलिच्का यांनी गोळा केलेले होते. नंतर स्पाथनं ते सगळं 1927 ते 1933 मध्ये पुन्हा तपासून असंख्य नवी नावं दिली. यातली गोम 1960च्या दशकात कळली: एकाच थरातले मोठे आणि छोटे शंख, ज्यांना वेगवेगळ्या जाती समजत होते, ते बऱ्याचदा एकाच जातीतल्या मादी-नराचे होते. मला हा भाग फार आवडतो. दगडात नवरा-बायको शेजारी पडलेले, आणि आपण त्यांना दोन कुळांची नावं देऊन बसलो होतो!

आता तुमच्या वावराकडे. आपली काळी माती ज्या कातळाची झाली, तो लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. जगातले अमोनाइटही त्याच सुमारास संपले. पण ते समुद्रात, आणि आपल्याकडे लाव्हा ओतून थांबला की तळी साचत. त्यांत गोड्या पाण्यातल्या गोगलगाई राहत, पुढचा लाव्हा येऊन सगळं झाकून टाकी, आणि गाळ मुरून गारगोटीसारखा कठीण दगड होई. नागपूरजवळच्या टाकळीचे असे थर हिस्लॉप आणि हंटर यांनी 1855 मध्ये जगापुढे आणले. तुमच्या रुमालातली ती बहुधा फायसा नावाची अशीच गोगलगाय: टोक वर धरा, तोंड आपल्याकडे करा, ते डाव्या हाताला उघडतं. आत भिंती नाहीत, खोल्या नाहीत.

वणी-राजुऱ्याचा चुनखडक तर समुद्रातलाच, असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण तो शंखवाले प्राणी जन्मायच्या कितीतरी आधीचा. अमोनाइट हवा तर मध्य प्रदेशात, नर्मदेच्या खोऱ्यातल्या बाघ गावाकडे जा. तिथवर समुद्र आत शिरला होता.

दगड देव्हाऱ्यात ठेवायचा तर ठेवा, माझी हरकत नाही. फक्त शेंदूर-तेल लावण्याआधी एकदा दाखवा, आणि चिठ्ठीवर लिहून आणा: कोणत्या शिवारात सापडला, धुऱ्यावर की विहिरीच्या खोदकामात, किती हात खाली, आणि वर-खाली काळा कातळ होता का.